बुधवारी न चालणारी बोट

बोट ही वस्तू मला कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोळखांबच्या नाक्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रिक्षा, ट्रॅक्टर, पिकअप, हळदीतले डीजे, सगळं माझ्याकडे येतं. एकदा एका भजनी मंडळाचा बंद पडलेला ॲम्प्लिफायर मी असा काही दुरुस्त केला, की त्यांच्या आळीतल्या लोकांनी मला महिनाभर शिव्या घातल्या. पण हे सगळं जमिनीवरचं काम. पोहता मला येत नाही, आणि पाण्यावर हलणाऱ्या वस्तूत उभं राहून पाना फिरवणं हा शहाण्या माणसाचा धंदा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी आंबेखोरच्या मच्छीमार सोसायटीची बोट माझ्या गळ्यात पडलीच. आंबेखोर म्हणजे धरणाच्या मागच्या पाण्याला लागून असलेला चाळीस घरांचा पाडा. भात, नाचणी आणि पाण्यातले मासे. सोसायटीला दोन वर्षांपूर्वी फायबरची बोट मिळाली. तिला डिझेलचं छोटं इंजिन, बॅटरी, स्टार्टर, असं सगळं साग्रसंगीत. चेअरमन धोंडी. माणूस मनाने चांगला, पण खुर्ची मिळाल्यापासून तो बसून बोलत नाही. दोन माणसं दिसली तरी उभा राहतो आणि घसा खाकरतो.

बोट चालवायचा धोंडीचा पुतण्या, कान्हा. गणपतीनंतर त्याला भिवंडीच्या गोडाऊनमध्ये काम लागलं आणि तो गेला. बोट चालवायला दुसरं कोणी पुढे येईना. एकाला पाण्याची भीती, दुसऱ्याला दारू, तिसऱ्याला दोन्ही. तेव्हा पाड्यातलीच सरिता म्हणाली, मी चालवते. सहा वर्षं ती याच पाण्यात जाळी ओढत होती. पाण्याखाली कुठे आंब्याचं बुडालेलं खोड उभं आहे आणि कुठे जुन्या घरांची जोती आहेत, ते तिला पाठ होतं. सभेत धोंडीनेच पहिला हात वर केला, कारण दुसरं नावच नव्हतं.

सरितासाठी ही बोट म्हणजे काय होती तेही आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे मला लाज का वाटली ते कळेल. दर वर्षी दिवाळी झाली की ती, तिचा नवरा रामू आणि पोरगी मनस्वी घराला कुलूप लावून वीटभट्टीवर जायची. परत यायची ती पावसाच्या तोंडावर. त्यामुळे मनस्वीची शाळा दर वर्षी अर्धीच व्हायची. यंदा बोट हातात होती, म्हणजे सरिताला बारा महिने काम इथेच. पोरगी पाचवीचं वर्ष अख्खं बसणार होती.

आणि मग बोट बुधवारी बंद पडायला लागली.

पहिल्या बुधवारी सकाळी सरिताचा फोन आला. “चंदरदादा, चावी मारली का नुसतं टक करतंय नि गप होतंय. तुमी येताव का?”

गेलो. धक्क्यावर चारपाच माणसं होती, म्हणजे काम असो नसो, असायची तेवढी. मी कसाबसा बोटीत उतरलो आणि मीटर लावला. बॅटरी बारा पॉइंट सहा, म्हणजे पोटभर जेवलेली. दिवे लखलखीत लागत होते. चावी मारली की टक, आणि पुढे काही नाही. स्टार्टरला करंट सोडणारा एक छोटा डबा असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. टक आवाज तो करतो. मी म्हटलं, हाच गेला.

सरिता शेजारी वाकून बघत होती. म्हणाली, “दादा, ह्ये प्लसचं टर्मिनल गरम लागतंय. चावी मारली का जास्तीच तापतंय. हात लावून बघा ना.”

मी हात लावला नाही. म्हणालो, “बॅटरी आहे, गरम होणारच. तू चावी जास्त वेळ धरतेस म्हणून तापते.”

हे मी चार माणसांसमोर म्हणालो. चावी दोन सेकंद धरल्याने टर्मिनल तापत नाही, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. टर्मिनल तापलं तर तिथेच पकड ढिली किंवा मळकट असते, हे माझ्या दुकानात झाडू मारणारीलाही माहीत आहे. पण माझ्या कामात कोणी बोट घातलं की माझं डोकं फिरतं, आणि घालणारी बाई असली की जरा जास्तच फिरतं. ते माझ्या तोंडून निघून गेलं आणि माणसं हसली. सरिता बाजूला सरकली.

मी सोलेनॉइड बदलला. माझ्या उस्तादाने मला एक सवय लावली आहे. काम सुरू करायच्या आधी फक्त मायनस काढायचा, प्लसला हात लावायचा नाही. काम झालं की मायनस जोडायचा आणि जाताना दोन्ही टर्मिनलचे नट पान्याने एकदा आवळायचे. तसं केलं. इंजिन पहिल्या चावीला लागलं. मी ऐटीत हात पुसले आणि घरी गेलो.

दुसऱ्या बुधवारी पुन्हा टक. या वेळी मी स्टार्टरवर खापर फोडलं, तो उतरवून मुरबाडला नेला, त्याचे कार्बन बदलून आणले. शुक्रवारी बसवला, नट आवळले, चावी मारली, लागलं.

सरिता म्हणाली, “दादा, पण बुधवारीच कशी मरतेय वो? मंगळवारी दुपारपर्यंत झ्याक चालतेय. मी जातेय तवा बरी असतेय.”

मी म्हणालो, “बॅटरीला वार कळत नाही, सरिता.” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दुकानात येणाऱ्या दोघातिघांना मी ते ऐकवलंही.

तिसऱ्या बुधवारी मी इंजिनाची अर्थिंगची केबल बदलली, नट आवळले, आणि इंजिन लागलं. तोवर पाड्याने आपलं कारण शोधून काढलं होतं. कान्हा चालवायचा तेव्हा बोट एक दिवस बंद पडली नव्हती. बाईचा हात लागला आणि पडायला लागली. पाण्यात साती आसरा राहतात, त्यांना हे खपत नाही. आता आसरा म्हणजे सात बहिणी, सातही बायका. बाईला बाईचं एवढं वावडं का असावं, हे मी एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तुला सासू नाय का रं?”

पण खरं सांगतो, मनातून मला ही आसरांची गोष्ट सोयीची वाटत होती. तीन पार्ट बदलूनही बोट बंद पडते म्हणजे एक तर पाण्यात काहीतरी आहे, नाही तर चंदरच्या डोक्यात काही नाही. लोकांनी पहिलं धरलं होतं. मी त्यांना कशाला अडवू?

शनिवारी धोंडीचा फोन आला. “चंदर, येत्या बुधवारी सकाळी धक्क्यावर सभा हाय. सगल्यांसमोर चावी मारायची. लागली तर बोट तिची. नाय लागली तर कान्हाला परत बोलवतो, तो यायला तयार हाय. तू काय करायचं ते आदी करून घे.”

त्याच बुधवारी वीटभट्टीचा ट्रकही माणसं न्यायला येणार होता. सरिताच्या सासूने, कमळाबाईने, सभेची वाट न बघता गाठोडं बांधून ठेवलं. म्हातारीने आयुष्यात चाळीस भट्ट्या पाहिल्या होत्या. चावीपेक्षा ट्रकवर तिचा जास्त विश्वास होता.

मंगळवारी मी सकाळीच आंबेखोरला गेलो आणि बोटीची पार उलटतपासणी घेतली. ॲसिडचं वजन बघितलं, बरोबर. इंजिन चालू असताना चार्जिंग चौदाच्या वर, बरोबर. फ्यूज काढून घासला. चावीचा स्विच उघडून बघितला. बेल्ट दाबून बघितला. पंपाची वायर, दिव्याची वायर, सगळ्या हाताने चाचपल्या. सरिता मला पाने देत होती. ती मला कुठलाही दोष सांगत नव्हती. सांगून काय होतं ते तिला कळलं होतं. आम्ही वीस वेळा चावी मारली आणि इंजिन वीस वेळा लागलं. चारच्या सुमारास मी नट आवळले, बॅटरीच्या खोक्यावर झाकण ठेवलं आणि म्हणालो, “आता ही उद्या नाही लागली तर मी दुकान विकून भाजी विकेन.”

“भाजीला पन वजन बघाय लागतं, दादा,” सरिता म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली.

बुधवारी सकाळी आठ वाजता धक्क्यावर अख्खा पाडा होता. वर रस्त्यावर वीटभट्टीचा ट्रक उभा. त्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि माणसं चढत होती. सरिताचं गाठोडं ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेकवलेलं होतं आणि त्यावर हात ठेवून रामू उभा होता. मनस्वी ट्रकच्या चाकाशी बसून मातीत रेघा ओढत होती. ट्रकवाला मुकादम वरून ओरडला, “काय ठरवताव ते लवकर ठरवा. मी दिवसभर थांबाय आलो नाय.”

धोंडी उभा राहिला. तो उभाच होता, पण आणखी उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, “सरिता, मार चावी.”

सरिताने चावी फिरवली. टक.

तिने पुन्हा फिरवली. टक. मी मीटर घेऊन बोटीत उडी मारली, म्हणजे जवळजवळ पडलो. बॅटरी बारा पॉइंट सात. दिवे लखलखीत. काल वीस वेळा लागलेलं इंजिन रात्रीतून मेलं होतं आणि माझ्याकडे बदलायला एकही पार्ट उरला नव्हता. वर मुकादमाने हॉर्न दिला. रामूने गाठोडं उचलून फाळक्यावर ठेवलं.

“दादा,” सरिता माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, “मी चावी धरून ठेवतेय. तुमी एकदा प्लसला हात लावा. एकदाच.”

तिने चावी धरली. मी प्लसच्या क्लॅम्पवर बोट ठेवलं आणि किंचाळलो. बोट चांगलं भाजलं होतं. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसं.

पाना घेतला आणि चार बुधवारांत पहिल्यांदा प्लसचा नट सोडला. पाना लावायचीही गरज नव्हती. नट हातानेच फिरला. काल चार वाजता मी तो पान्याने गच्च आवळला होता. क्लॅम्प उचलला. आत लाल. खुंटीवर लाल, क्लॅम्पच्या पोटात लाल, थरावर थर. हा लाल रंग मी तीन बुधवार बाहेरून पाहत होतो आणि मला काही वाटलं नव्हतं, कारण प्लस लालच असतो. लाल टोपी असते, कोणी लाल ग्रीस लावतं. मी नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला. वास घेतला. तेल. हा वास मला लहानपणापासून ओळखीचा होता. आमच्या शिवेवरच्या वाघोबा देवाला येतो तो.

“हे कोणी लावलं?” मी विचारलं.

“मी,” धोंडी म्हणाला. त्याच्या आवाजात जराही संकोच नव्हता, उलट कोणीतरी विचारलं याचं समाधान होतं. “शेंदूर हाय तो. दर मंगळवारी सांजच्याला येऊन चढवतो.”

“बॅटरीला?”

“मग इंजिनाला लावू? इंजिन नुसतं ओरडतं. जीव बॅटरीत असतो, तूच सांगितला होतास. खोलून बघितलं तर एका खुटीला आदीच लाल टोपी. म्हटलं, इथं ठाण हायेच.”

“आणि क्लॅम्प काढून आत लावलास?”

धोंडी दुखावला. “देवाला शेंदूर चढवायचा तर मुकुट उतरवून चढवतात, चंदर. वरच्या वर थापणारे आमी नाय. मुकुट काढायचा, तेल-शेंदूर चढवायचा, मुकुट परत ठेवायचा. पाना लावत नाय मी. देवाला पान्यानं कोन आवळतं?”

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. मंगळवारी संध्याकाळी धोंडी तेलाचा थर द्यायचा आणि नट ढिला ठेवायचा. तेलातून दिव्यापुरता करंट जातो, स्टार्टरपुरता जात नाही. तो तिथेच अडतो आणि टर्मिनल तापवतो. बुधवारी मी यायचो, नको तो पार्ट बदलायचो आणि जाताना सवयीने, नट किती फिरतोय ते न बघता, आवळायचो. आवळल्यावर क्लॅम्प थर फोडून शिशाला टेकायचा आणि इंजिन लागायचं. सोलेनॉइड, स्टार्टर, केबल, एकातही काही बिघाड नव्हता. तीन बुधवार बोट माझ्या उस्तादाच्या सवयीने चालली होती. त्यात माझी अक्कल कुठेच नव्हती.

हे मी लोकांना सांगितलं, सोप्या भाषेत. एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे देव बाधला का?”

“देव नाही बाधला, तेल बाधलं,” मी म्हणालो.

“पण धोंडीभाऊ, शेंदूर कशापायी?” सरिताने विचारलं. “कान्हाच्या टायमाला तर नवता.”

धोंडीने घसा खाकरला. मग तो माशांच्या उलट्या क्रेटवर बसला. खुर्ची मिळाल्यापासून मी त्याला पहिल्यांदा बसून बोलताना पाहिलं. “तुजं नाव मी पुकारलं गो,” तो म्हणाला. “हात मी वर केला. सगले म्हणाले आसरा ओढतील. तुला काय झालं असतं तर पोरीला मी काय तोंड दाखवणार होतो? म्हटलं, राखण करावी.”

ती बंद पडावी म्हणून नव्हे, ती बुडू नये म्हणून हा माणूस दर मंगळवारी तिचं इंजिन बंद पाडत होता. मला हसू येत होतं आणि त्याला मिठी मारावीशीही वाटत होती. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

सरिताने माझ्याकडून पॉलिश पेपर घेतला, खुंटी घासली, क्लॅम्पचं पोट घासलं, शिसं चांदीसारखं दिसेपर्यंत. क्लॅम्प बसवला. “पाना द्या,” म्हणाली. मी दिला. तिने नट आवळला आणि चावी फिरवली. इंजिन लागलं.

धक्क्यावर गलका झाला. “चंदरचा हात लागला का मशीन बोलतं,” कोणीतरी म्हणालं. “चंदरलाच दर आठवड्याला बोलवा,” दुसरा म्हणाला. “बोट कान्हा चालवंल, मशीन चंदर बघंल. बाईच्या मागं हा व्याप कशाला?” दोनचार माना हलल्या. वर मुकादमाने लांब हॉर्न दिला. रामू फाळक्यावर एक पाय ठेवून धोंडीकडे बघत होता. धोंडीने माझ्याकडे बघितलं. “तू सांग, चंदर. तुला मशीनमधलं कळतं.”

कौतुक मला आवडतं, ते नाकारायची मला सवय नाही. मी आधी मीटरची वायर सावकाश गुंडाळली, हे कबूल करतो. सरिता माझ्याकडे बघत नव्हती. ती इंजिनाचा आवाज ऐकत होती.

“दोष मला सापडला नाही,” मी म्हणालो. “हिने तो पहिल्याच बुधवारी सांगितला होता. प्लस तापतोय म्हणाली. बुधवारीच का, हेही हिनेच विचारलं. मी हिला चार माणसांत गप्प बसवलं. चार बुधवार बोट बंद पडली ती धोंडीच्या शेंदराने आणि माझ्या तोंडाने. कान्हाला बोलवायचं असेल तर बोलवा. पण बिघाड झाला तर त्याला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. हिला कळेल.”

मग धोंडी क्रेटवर बसूनच म्हणाला, “रामू, ते गाठोडं उतरव.”

रामूने इतक्या घाईने उतरवलं की आतली भांडी वाजली. मुकादम शिव्या देत ट्रक घेऊन गेला. सरिताने बोटीचा नांगर म्हणून वापरायचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि धोंडीच्या पुढ्यात ठेवला. “धोंडीभाऊ, मंगळवारी याला चढवा. कितीपण थर द्या. याला करंट लागत नाय.” धोंडीने दगड फिरवून फिरवून बघितला, त्याला नाकडोळे कुठे निघतील ते शोधत. मग सरिता जाळी काढायला गेली. तासाभराचा उशीर झालेला होता आणि ती मागे वळून बघत बसणारी बाई नाही.

मी बोटाला थुंकी लावत वर रस्त्यावर आलो. मनस्वी गाठोड्याशी झटत होती. दप्तर आत, शाळेची घंटा झालेली, आणि कमळाबाईने भट्टीपर्यंत टिकावी अशी गाठ मारलेली. म्हातारी म्हणत होती, उद्या सोडू. पोरगी म्हणत होती, आत्ता. मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर गाठीत घातला आणि ती सोडवली. चार बुधवारांत माझ्या हातून नीट झालेलं ते एकच काम.